व्यायाम आणि नेत्ररक्षण : सल्ला देण्यापूर्वीचा विचार

नेत्रतक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णास आपण आहार, त्रिफळा, अंजन, तर्पण, नस्य, पादाभ्यंग यांविषयी सांगत असतो. त्यात आता रुग्णाकडूनच एका प्रश्नाची भर पडली आहे. डोळ्यांसाठी कोणता व्यायाम करावा, असे तो विचारतो. विचारणारा तरुण असेल तर चष्मा सुटावा ही त्याची अपेक्षा असते. उतारवयातील असेल तर दृष्टी शेवटपर्यंत टिकावी एवढीच. पहिल्या अपेक्षेला व्यायामाजवळ उत्तर नाही. दुसरीला आहे, आणि ते बरेच भक्कम आहे. परंतु ते डोळ्यांच्या हालचालींतून येत नाही, पायांच्या हालचालींतून येते. हा फरक रुग्णास स्पष्ट सांगणे आणि व्यायाम सुचविण्यापूर्वी त्याच्या नेत्रांची अवस्था माहीत करून घेणे, या दोन गोष्टींकडे वैद्यवर्गाचे व औषधविक्रेत्यांचे लक्ष वेधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संहितांतील मांडणी

व्यायामाचे विवेचन चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात, अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात आणि सुश्रुतसंहितेत चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात येते. ही तिन्ही स्थाने शेजारी ठेवून वाचली असता एक गोष्ट ध्यानात येते. लाघव, कर्मसामर्थ्य, दीप्ताग्नि, मेदाचा क्षय, स्थैर्य, क्लेश सोसण्याची शक्ती अशी व्यायामाची फळे तेथे सांगितली आहेत. व्यायाम चक्षुष्य आहे असे मात्र म्हटलेले नाही. नेत्रांना हितकर म्हणून ज्यांचा निर्देश होतो ती कर्मे वेगळी आहेत : अंजन, अभ्यंग, पादाभ्यंग, इतकेच नव्हे तर पादत्राण वापरणेसुद्धा. व्यायामाच्या सर्वांत जवळ येणारा उल्लेख सुश्रुतांच्या चंक्रमणाचा आहे. देहाला फार पीडा न देणारे चालणे हे आयुष्य, बल, मेधा व अग्नि वाढविणारे आणि इंद्रियांना जागृत करणारे आहे, असा त्याचा आशय.

मग व्यायामाचा नेत्रांशी संबंध लावायचा कसा? तो दोषांच्या द्वारे लागतो. नेत्र तेजोमय असल्यामुळे त्यांस कफापासून विशेष भय आहे, हा सिद्धांत चरक आणि वाग्भट या दोघांनीही मांडला आहे. व्यायाम कफाचा व मेदाचा क्षय करतो आणि अग्नि प्रदीप्त करतो. म्हणजे नेत्ररक्षण हे व्यायामाचे साक्षात फळ नसून सर्व शरीराच्या शुद्धीतून पदरात पडणारे फळ होय. गेल्या तीन-चार दशकांतील संशोधनातून जे चित्र पुढे आले आहे तेही याच वळणाचे आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

मात्रेविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण पुढे त्यांचा उपयोग होणार आहे. बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या मनुष्यानेही शीतकालात व वसंतात अर्धशक्तीनेच व्यायाम करावा, अन्य ऋतूंत त्याहून कमी, असा दंडक आहे. अर्धशक्तीची लक्षणे म्हणजे कपाळावर, नाकावर व सांध्यांच्या ठिकाणी घाम येणे, तोंड कोरडे पडू लागणे आणि श्वास तोंडावाटे सुरू होणे. मध्यम तीव्रतेचा व्यायाम ओळखण्याची आजची साधी कसोटी, म्हणजे चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, ही याच्या अगदी जवळ जाते. अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, प्रतमक श्वास, रक्तपित्त, कास, ज्वर, छर्दि हे विकार संभवतात असेही वाग्भट सांगतात. या यादीतील रक्तपित्त हा शब्द नेत्ररोगांचा विचार करताना विसरू नये.

प्रमेही रुग्ण

व्यायामाने डोळे वाचतात हे विधान ज्या एका व्याधीच्या बाबतीत सर्वांत ठामपणे करता येते तो मधुमेह होय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आणि सुमारे १३ कोटी ६० लाख मधुमेहपूर्व अवस्थेतील व्यक्ती आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका देशव्यापी पाहणीत, चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहींपैकी १२.५ टक्के जणांच्या दृष्टिपटलावर मधुमेहजन्य विकृती आढळली आणि ४ टक्के जणांत ती दृष्टी जाण्याचा धोका निर्माण करणारी होती. आपल्या दवाखान्यात येणाऱ्या शंभर प्रौढ मधुमेहींत चार जण अशा काठावर उभे असू शकतात, आणि त्यांतील काहींना अद्याप काहीही जाणवत नसते.

दृष्टिपटल हा शरीरातील, वजनाच्या मानाने, सर्वाधिक प्राणवायू वापरणाऱ्या ऊतींपैकी एक आहे. त्याचे पोषण अतिसूक्ष्म केशवाहिन्यांवर अवलंबून असते. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की या वाहिन्यांच्या भिंतींना आधार देणाऱ्या पेशी नष्ट होतात, भिंती फुगतात, पाझरतात, पुढे काही वाहिन्या बंद पडतात. उपाशी पडलेले दृष्टिपटल नवीन वाहिन्या निर्माण करण्याचा संकेत देते. पण या नव्या वाहिन्या अत्यंत ठिसूळ असतात आणि त्या फुटल्या की डोळ्यातील काचाभ द्रवात रक्त उतरते. स्रोतोरोध, त्यातून विमार्गगमन आणि अखेरीस रक्तस्राव अशी ही संप्राप्ति वैद्यास अपरिचित वाटण्याचे कारण नाही.

व्यायाम या साखळीच्या पहिल्या कडीवर घाव घालतो. स्नायू आकुंचन पावत असताना इन्सुलिनच्या साहाय्यावाचूनही रक्तातील ग्लुकोज उचलतात. शिवाय व्यायाम संपल्यानंतरही साधारण एक ते तीन दिवसांपर्यंत इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारलेला राहतो. नियमित व्यायाम या शब्दप्रयोगातील ‘नियमित’ शब्दाला अर्थ आहे तो यामुळे. रविवारी दोन तास चालून उरलेले सहा दिवस गल्ल्यावर बसणाऱ्या व्यापाऱ्यास तो लाभ मिळत नाही. सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू नये आणि आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम व्हावा, हे आजचे सर्वमान्य प्रमाण आहे.

प्रत्यक्ष नेत्रांपर्यंत हा लाभ पोहोचतो काय, याचे उत्तर चीनमधील दाचिंग येथील अभ्यासाने दिले. १९८६ मध्ये तेथे मधुमेहपूर्व अवस्थेतील ५७७ जणांना आहारनियमन, व्यायाम किंवा दोन्ही असे गट करून सहा वर्षे मार्गदर्शन करण्यात आले. एक गट तुलनेसाठी ठेवला गेला. आरंभापासून वीस वर्षांनी, म्हणजे मार्गदर्शन थांबून चौदा वर्षे लोटल्यावर तपासले असता मार्गदर्शन मिळालेल्यांत गंभीर स्वरूपाच्या दृष्टिपटलविकाराचे प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी आढळले. सहा वर्षांच्या पथ्यपालनाने इतक्या दीर्घकाळ साथ द्यावी ही साधी गोष्ट नव्हे. अर्थात हे श्रेय एकट्या व्यायामाला देता येणार नाही, आहार त्यात समाविष्ट आहेच. आपल्याकडे चेन्नई येथे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही केवळ आहारविहाराच्या बदलाने मधुमेह जडण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले; मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही घट २६.४ टक्के होती. सडसडीत दिसणाऱ्या परंतु पोट सुटलेल्या भारतीय देहयष्टीलाही विहार लागू पडतो, हे त्यावरून सिद्ध झाले.

रक्तदाबाचा मुद्दा अनेकदा मागे राहतो. इंग्लंडमधील मोठ्या मधुमेह अभ्यासाचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते की, रक्तदाब काटेकोरपणे आटोक्यात ठेवलेल्या मधुमेहींत दृष्टिपटलविकार वाढण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी आणि दृष्टी लक्षणीयरीत्या मंदावण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी राहिले. तेथे दाब औषधांनी उतरविला होता. नियमित चालण्याने उतरणारा दाब त्या मानाने थोडा असतो, पण तो औषधाच्या जोडीने उतरतो आणि त्याला खर्च नाही.

चरक व सुश्रुत यांच्या निदानस्थानांत प्रमेहाचे जे उपद्रव मोजले आहेत त्यांत नेत्रविकार स्वतंत्रपणे दिसत नाही, हे आपण मोकळेपणाने मान्य करावे. मधुमेही मनुष्य वीस-तीस वर्षे जगू लागल्यानंतर दृष्टिपटलाची ही विकृती ठळकपणे समोर आली. चिकित्सेत मात्र व्यायामाला दिलेले स्थान नि:संदिग्ध आहे. निर्धन प्रमेह्याने शंभर योजने चालावे, विहीर खणावी, गाईंच्या मागे हिंडावे असे सुश्रुत सांगतात. त्याच वेळी स्थूल व बलवान प्रमेही आणि कृश व दुर्बल प्रमेही हा भेद करूनच चिकित्सा सांगितली आहे. कृश प्रमेह्यास, त्यातही इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्यास, रिकाम्या पोटी लांबवर चालावयास सांगणे म्हणजे साखर एकाएकी उतरण्यास निमंत्रण देणे होय. खिशात खडीसाखर ठेवण्याची सूचना चालण्याच्या सल्ल्याबरोबरच द्यावी.

येथे पादत्राणांविषयीचा एक प्रचलित समज तपासून पाहणे अगत्याचे आहे. पहाटे दवाने ओल्या हिरवळीवर अनवाणी चालल्याने डोळे सुधारतात, असे घरोघर सांगितले जाते. आपल्यापैकीही कित्येक जण सांगतात. सुश्रुतांनी प्रमेह्याच्या त्या दीर्घ पदयात्रेत पादत्राण वर्ज्य केले आहे हे खरे, पण ती खडतर चर्या विशिष्ट रुग्णापुरती होती. दिनचर्या सांगताना त्यांनीच सदैव अनवाणी चालणे नेत्रांना अपायकारक ठरविले आहे आणि चरकांनी पादत्राणधारण चक्षुष्य म्हटले आहे. पायाची संवेदना गमावलेल्या मधुमेह्याच्या तळव्यात काटा रुतला तरी त्याला तो कळत नाही. डोळे सुधारण्यासाठी हिरवळीवर गेलेला रुग्ण पायाची जखम घेऊन परत यावा, हे आपल्या सल्ल्याचे फलित होऊ नये. चालावे ते चांगल्या बुटांत. आणि घरी आल्यावर पाय पुसून, नीट पाहून, मग पादाभ्यंग करावा.

आता मुख्य सावधगिरी. दृष्टिपटलावर नव्या ठिसूळ वाहिन्या फुटलेल्या रुग्णाने श्वास रोखून जड वजन उचलणे, जोर-बैठकांचा सपाटा लावणे, उड्या मारणे, डोके खाली राहील अशी आसने करणे, जोरकस भस्त्रिका वा कपालभाती करणे हे सर्व टाळावयास हवे. कुंथण्याने शिरांतील दाब क्षणार्धात वाढतो आणि काचाभ द्रवात रक्तस्राव होण्याचा किंवा दृष्टिपटल ओढले जाऊन सुटण्याचा धोका असतो. अतिव्यायामाच्या दुष्परिणामांतील रक्तपित्ताची आठवण व्हावी ती येथे. अडचण ही की असा रुग्ण तक्त्यावरील शेवटची ओळ सहज वाचू शकतो. ६/६ दिसते याचा अर्थ पडदा निरोगी आहे असा नव्हे. बाहुली मोठी करून केलेली पडद्याची तपासणी हाच त्यावर मार्ग आहे. प्रौढ वयात उद्भवणाऱ्या मधुमेहात निदान होताच पहिली तपासणी आणि त्यानंतर सामान्यतः दर वर्षी एक, एवढे पाळले तरी पुष्कळ. व्यायामाचा कागद लिहून देण्यापूर्वी हा अहवाल मागणे ही औपचारिकता नसून चिकित्सेचा भाग आहे. लेसर किंवा डोळ्यातील इंजेक्शनची गरज असेल तर ती प्रथम. दीपन, पाचन आणि चंक्रमण त्याच्या जोडीने.

आणखी एक बारकावा. एचबीए१सी बराच काळ फार चढलेले असताना कडक लंघन, औषधे व व्यायाम यांनी ते अल्पावधीत खाली आणले, तर आधीच विकृत असलेला दृष्टिपटल काही महिने अधिक बिघडू शकतो. पुढे तो लाभ घेतोच. म्हणून साखर उतरविणे थांबवायचे नाही. मात्र अशा रुग्णास या काळात नेत्रतज्ज्ञांच्या नजरेखाली ठेवावे.

काचबिंदू आणि आसने

आज आपण ज्यास काचबिंदू म्हणतो तो विकार आणि तिमिराच्या पुढील अवस्थेस संहितेत दिलेले काच हे नाव, यांत गल्लत करू नये. लक्षणांनी जवळचा वाटणारा अधिमंथही सर्व प्रकारच्या काचबिंदूंना लागू होत नाही. वेदनारहित, हळूहळू बाजूची दृष्टी खाणारा प्रकार आपल्याकडेही पुष्कळ आढळतो आणि गेलेली दृष्टी त्यात परत येत नाही. डोळ्यातील दाब सामान्यतः १० ते २१ मि.मी. पारा इतका असतो. जलद चालणे, सायकल चालविणे अशा व्यायामानंतर तो काही अंशांनी उतरतो, पण थोड्या वेळाने पूर्ववत होतो. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काचबिंदूच्या ज्या रुग्णांची रोजची हालचाल अधिक होती त्यांच्या दृष्टिक्षेत्राची हानी काहीशी मंद गतीने होत असल्याचे दिसले. हा केवळ संबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. ज्याला बरे दिसते तो अधिक चालतो, असेही त्याचे स्पष्टीकरण होऊ शकते. तरीही काचबिंदूच्या रुग्णाने चालावे, हा सल्ला निर्धास्तपणे देता येतो.

आसनांचे तसे नाही. चेन्नईच्या शंकर नेत्रालयात योगाभ्यासी व्यक्तींवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शीर्षासन करीत असताना डोळ्यातील दाब सुमारे दुप्पट होतो असे आढळले. त्या निरोगी अभ्यासकांत डोळ्यातील दाब एरवीही चढलेला असण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही, ही गोष्टही तितकीच नोंद घेण्याजोगी आहे. निरोगी माणसास शीर्षासनाची भीती घालण्याचे कारण नाही. परंतु ज्याची ऑप्टिक नर्व्ह आधीच झिजलेली आहे त्याचा प्रश्न निराळा. न्यूयॉर्क येथील २०१५ च्या अभ्यासात अधोमुख श्वानासन, उत्तानासन, हलासन आणि विपरीतकरणी या चारही स्थितींत दाब चढला; सर्वाधिक वाढ अधोमुख श्वानासनात होती. आसन सोडून बसल्यावर तो दोन-चार मिनिटांत उतरला.

महाराष्ट्रातील वैद्यांना याचा विशेष विचार करणे भाग आहे. आपल्याकडे व्यायाम म्हटले की सूर्यनमस्कार. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचा केलेला प्रसार सर्वश्रुत आहे, आणि रथसप्तमीस शाळाशाळांतून नमस्कार घातले जातात. सूर्यनमस्काराच्या क्रमात उत्तानासन आणि अधोमुख श्वानासन या दोन्ही स्थिती येतात. त्या क्षणभरच टिकतात, हे मान्य. त्यामुळे काचबिंदू झाल्याचा पुरावाही नाही. तरी निदान झालेल्या रुग्णास, विशेषतः ज्याची एका डोळ्याची दृष्टी गेली आहे आणि दुसरा डोळा राखायचा आहे त्यास, नमस्कारांऐवजी चालणे, ताडासन, वज्रासन, अनुलोम-विलोम सुचविण्यात आपले काय जाते? नमस्कार सोडवतच नाहीत असा निष्ठावान साधक असेल तर नेत्रतज्ज्ञांशी बोलून निर्णय घ्यावा. सर्वांगासन, शीर्षासन व हलासन मात्र स्पष्टपणे वर्ज्य सांगावीत.

काचबिंदूचे थेंब घेणाऱ्या रुग्णाविषयी आणखी एक गोष्ट. टिमोलॉल हे औषध डोळ्यात टाकले तरी नाकावाटे रक्तात शोषले जाते. त्याने नाडीची गती मंदावते आणि दम्याच्या रुग्णास श्वास लागू शकतो. चालावयास सुरुवात केल्यावर थकवा येतो, दम भरतो, अशी तक्रार घेऊन साठीचा गृहस्थ आला तर वातप्रकोप वा वार्धक्य असे निदान करण्यापूर्वी तो कोणते थेंब घालतो हे विचारावे. ते त्याने परस्पर बंद करू नयेत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे जावे. टाकल्यानंतर नाकाजवळील कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरला की शोषण कमी होते, एवढे आपण दाखवू शकतो. आणि योग सुरू केला म्हणून थेंब सोडून दिले, असे सांगणारा रुग्ण आला तर त्याच दिवशी त्यास पुन्हा थेंबांवर आणणे हे आपले पहिले कर्तव्य समजावे.

चष्मा सोडविणारे व्यायाम

या विषयावर फार जागा खर्च करण्याचे कारण नाही. अमेरिकेतील डॉ. विल्यम बेट्स यांनी १९२० मध्ये चष्म्याविना दृष्टी सुधारण्याची पद्धत मांडली. डोळ्याचे बाहेरील स्नायू ताणले जाण्याने दृष्टिदोष होतो, ही तिची मूळ कल्पना होती. लघुदृष्टीत नेत्रगोल लांबलेला असतो; बुबुळे फिरवून तो आखूड होत नाही. चाळिशीत भिंग ताठर होते. तेही त्याने लवचीक होत नाही. एका विकारात मात्र डोळ्यांच्या व्यायामाचा उपयोग निर्विवाद सिद्ध झाला आहे : जवळचे पाहताना दोन्ही डोळे आत वळविण्याची शक्ती कमी पडणे. ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांवरील २००८ च्या अमेरिकी चाचणीत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली बारा आठवडे व्यायाम केलेल्यांपैकी ७३ टक्के मुलांना गुण आला. वाचताना अक्षरे दुहेरी दिसणाऱ्या व डोके दुखणाऱ्या मुलास म्हणूनच तपासणीसाठी पाठवावे.

त्राटक हे षट्कर्मांपैकी एक असून मनाच्या एकाग्रतेसाठी ते अवश्य करावे. उगवत्या सूर्याकडे टक लावून पाहण्याचा जो प्रकार त्याच्या नावावर चालतो तो मात्र थांबविला पाहिजे. सूर्यप्रकाशाने दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूस झालेली इजा कधी कधी कायमची ठरते आणि ती होताना दुखत नाही.

व्यायामानंतरच्या वर्तनाबाबत सुश्रुतांच्या उत्तरतंत्रातील एक निर्देश अजूनही उपयोगी आहे. नेत्ररोगांच्या सामान्य कारणांत उन्हाने तापलेल्या शरीराने एकदम पाण्यात शिरणे हे कारण आरंभीच येते. मैदानातून घामाघूम होऊन येताच डोक्यावर गार पाणी ओतून घेणाऱ्या मुलांना घाम विरू द्यावा असे सांगण्यास हरकत नाही.

मुले आणि मैदान

मुलांच्या बाबतीत व्यायामाचा विचार थोड्या वेगळ्या अंगाने करावा लागतो. येथे लाभ व्यायामाचा कमी आणि उजेडाचा अधिक आहे. सिडनी येथील शालेय मुलांच्या पाहणीत २००८ मध्ये असे दिसून आले की, घराबाहेर घालविलेला वेळ लघुदृष्टीपासून संरक्षण देतो. बंदिस्त सभागृहातील खेळांपासून तो लाभ मिळत नाही. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटांचा मोकळ्या हवेतील एक जादा तास देण्यात आला. तीन वर्षांनंतर या शाळांत लघुदृष्टी नव्याने उद्भवण्याचे प्रमाण ३०.४ टक्के होते, इतर शाळांत ३९.५ टक्के. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तैवानने तर २०१० पासून मुलांना रोज दोन तास बाहेर ठेवण्याचा कार्यक्रमच हाती घेतला. भर दिवसा मैदानावरील उजेड १० हजार लक्सच्या पुढे जातो. वर्गात तो काही शेकडे लक्स इतकाच असतो. तेजस्वी प्रकाशात दृष्टिपटलातून डोपामिन स्रवते आणि ते नेत्रगोलाच्या लांबण्यास आवर घालते, असे सर्वाधिक स्वीकृत स्पष्टीकरण आहे. तेजोमय नेत्राला तेजानेच राखावे, हा योगायोग वैद्यास सुखावणारा आहे.

आपल्या शहरांतील मुलांचे वेळापत्रक पाहिले तर शाळा, क्लास आणि मोबाईल यांतच दिवस मावळतो. पालक मुलाला बॅडमिंटनच्या बंद सभागृहात घालतात आणि व्यायाम झाला असे समजतात. तो झाला, पण डोळ्यांच्या वाट्याला काही आले नाही. मल्लखांब, खो-खो, लंगडी, नुसते हुंदडणे, काहीही चालेल. ते उघड्यावर आणि उजेडी व्हावे. अधिक नंबर लागलेल्या मुलाचा किंवा तरुणाचा नंबर त्याने उतरत नाही, हेही पालकांना सांगावे. सहा-आठ नंबरच्या पुढे गेलेल्या तरुणास डोळ्यापुढे विजा चमकणे, अचानक काळे ठिपके वाढणे, एका बाजूने पडदा आल्यासारखे वाटणे यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी नेत्र रुग्णालय गाठावे लागते. अशा वेळी तर्पण वा नस्य यांची योजना करून दिवस घालवू नये.

औषधविक्रेत्यांचा वाटा

मधुमेही रुग्ण वैद्याकडे तीन महिन्यांतून एकदा येतो. औषधालयात तो दर महिन्यास येतो. त्यामुळे पडद्याची तपासणी केव्हा केली, हा प्रश्न विचारण्याची सर्वांत जास्त संधी विक्रेत्याला मिळते. पावतीच्या मागे तपासणीचा महिना लिहून देण्यास काही खर्च येत नाही. काचबिंदूचे थेंब नेणारा नेहमीचा ग्राहक दोन महिने फिरकला नाही तर त्यास दूरध्वनी करावा. व्यायाम, योग किंवा एखादे नेत्रांजन सुरू केल्यामुळे त्याने थेंब थांबविले असण्याची शक्यता असते.

दुकानावर लावावयाच्या फलकाविषयीही दक्ष असावे. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधीच्या १९५४ च्या कायद्याच्या परिशिष्टात मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेह, अंधत्व आणि दृष्टिसंस्थेचे विकार यांचा समावेश आहे. चष्मा घालवा, मोतीबिंदू विरघळवा असा मजकूर लिहिणारा उत्पादक परराज्यात असतो. फलक मात्र आपल्या दारावर लागलेला असतो. त्या जागी मधुमेहींसाठी चालण्याच्या वेळा, चांगल्या पादत्राणांची सूचना आणि जवळच्या नेत्रतपासणी शिबिराची तारीख लिहिलेली अधिक शोभेल.